पांझरा नदीकाठचे बंधारे आणि पाट एका दिवसात कसे पाहावेत?

प्रश्न: धुळ्याहून पिंपळनेरकडे जाऊन जुनी फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना द्यायची रीत, पाहायची आहे. सोबत आईवडील आणि दोन लहान मुलं. कधी जावं, काय बघावं?

उत्तर १: भाऊ, दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत जा. उन्हाळ्यात पाट कोरडा, मग बघायला उरते फक्त माती. पावसाळ्यात बंधाऱ्यावर उतरूच नका. माथ्यावरून पाणी वाहतं, दगडांवर शेवाळ असतं. सुरुवात बंधाऱ्यापासून करा. दगड-चुन्याची आडवी भिंत पाणी साठवून ठेवत नाही, फक्त त्याची पातळी उंच करते. ते बाजूच्या पाटात शिरून उताराने शेतांकडे जातं. खाली पाटातून चाऱ्या, म्हणजे छोटे पाट, फुटतात. जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग, एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. पाणी सोडतो पाटकरी, त्यामुळे चारीचं दार मुलांना हलवू देऊ नका.

उत्तर २: साक्री धुळ्यापासून सुमारे ५५ कि.मी., तिथून पुढे पिंपळनेर. पाटाची कड मऊ असते, एकामागे एक चाला. वडीलधाऱ्यांसाठी काठी घ्या. लळिंग किल्ला त्याच दिवशी कोंबू नका, तो मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या दक्षिणेला, वेगळ्या दिशेला.

उत्तर ३: बागेची हौस असेल तर निराशा होईल, तिथं बाग म्हणजे उसाचा फड! संध्याकाळी धुळ्यात वेळ उरला तर राजवाडे संशोधन मंडळ (इतिहासाची जुनी कागदपत्रं जपणारी संस्था) पाहा, आधी वेळ विचारून. जेवायला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी अन् भरीत.