शेवटी आय-जी-एच-टी असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द: अर्थ हवेत आणि नेमका शब्द कसा गाठायचा?

कोडेकरी
वर्डलमध्ये (सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; हिरवं म्हणजे अक्षर योग्य घरात, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या घरात, करडं म्हणजे बाद) पहिला शब्द ऑडिओ टाकला. फक्त आय पिवळा आला. ए, यू, डी, ओ बाद. दुसरा शब्द लाइट: एल करडा, पुढची चारही घरं हिरवी. म्हणजे पहिलं अक्षर सोडून सगळं कळलंय आणि चार प्रयत्न शिल्लक आहेत. या साच्यात बसणारे सगळे शब्द अर्थासकट कोणी देईल का? आणि नाइट, राइट, फाइट असे एकेक टाकत जावं, की याला काही पद्धत आहे?

अक्षरजुळणी
फक्त पहिलं अक्षर देतो, पुढची चार तीच.

ई: एट, म्हणजे आठ. हा हमखास सुटतो. आपण मनात 'आइट'चा यमक धरून शोधतो आणि याचा उच्चार त्यात बसत नाही. उच्चारावर न जाता ए ते झेड एकेक अक्षर पुढे लावून बघा.
एफ: फाइट, लढणे, भांडण.
एम: माइट, नाम म्हणून सामर्थ्य, बळ; सहायक क्रियापद म्हणून शक्यता दाखवतो.
एन: नाइट, रात्र.
आर: राइट, बरोबर, उजवा, हक्क.
एस: साइट, दृष्टी, नजरेस पडणारं दृश्य, नेम धरण्यासाठी बंदुकीवर असते ती खूणही.
टी: टाइट, घट्ट, तंग.

आता कमी वापरातले. बी लावून बाइट: समुद्रकिनाऱ्याचा आत गेलेला रुंद बाक. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याचा ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट नकाशात सापडेल. दोराची दोन्ही टोकं सोडून मधला जो भाग वळवून घेतात, त्यालाही हाच शब्द. डब्ल्यू लावून वाइट: जुन्या इंग्रजीत माणूस किंवा जीव, अद्भुत कथांमध्ये पिशाच्च. एच लावूनही एक शब्द होतो, अर्थ 'नावाचा', पण तो जुन्या कवितेतच भेटतो. डी लावून होणारा, सजवणे या अर्थाचा, तुमच्या बाबतीत बादच आहे.

चौथेघर
एकेक टाकत जाऊ नका. एल गेल्यावर, आणि जुन्या कवितेतला एचचा शब्द सोडला तर, ई, एफ, एम, एन, आर, एस, टी, बी, डब्ल्यू असे नऊ पर्याय उरतात आणि प्रयत्न चार. दर प्रयत्नाला एकच पर्याय कमी होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हरणार. इथे उत्तर असूच शकत नाही असा शब्द मुद्दाम टाकायचा, ज्यात यातली जास्तीत जास्त अक्षरं एकदम तपासली जातील.

तिसरा प्रयत्न फर्न्स: एफ-ई-आर-एन-एस. पाचच्या पाच अक्षरं कामाची. यातलं जे हिरवं किंवा पिवळं होईल, तेच तुमचं पहिलं अक्षर आणि चौथ्या प्रयत्नात उत्तर. पाचही करडी आली तर एम, टी, बी, डब्ल्यू उरले. मग चौथा प्रयत्न वूम्ब्ज: डब्ल्यू-ओ-एम-बी-एस. ओ आणि एस आधीच बाद आहेत, त्यांच्याकडे बघू नका. डब्ल्यू, एम, बी यांपैकी एक रंगलं तर तो शब्द, एकही नाही तर टाइट. पाचव्या प्रयत्नात काम झालं, सहावा हाताशी राहिला. ही अनेकवचनं उत्तर म्हणून येण्याची शक्यता नगण्य, पण खेळ ती स्वीकारतो आणि तपासणीसाठी तेवढं पुरतं.

दुहेरी_टी
वरच्या उत्तराला एक जोड, कारण टाइट इथेच निसटतो. शेवटचा टी हिरवा झाला की टीचं काम संपलं असं वाटतं आणि पहिल्या घरासाठी त्याचा विचारच होत नाही. हिरवा रंग फक्त त्या घरापुरता असतो. तेच अक्षर दुसऱ्या घरात नाही, असं तो सांगत नाही. उलट बाजूने, तुम्ही टाइट टाकला आणि उत्तर नाइट असेल तर पहिला टी करडा आणि शेवटचा हिरवा दिसेल. उत्तरात जितके टी, तितक्यांनाच रंग मिळतो; त्यात हिरव्याचा हक्क आधी.

कोडेकरी
फर्न्स चालला, एस पिवळा आला, उत्तर साइट. मनापासून आभार. पण हार्ड मोड चालू असेल तर फर्न्स टाकताच येणार नाही ना?

चौथेघर
नाही येणार. हार्ड मोडमध्ये हिरवं अक्षर त्याच घरात ठेवावं लागतं आणि पिवळं कुठेतरी वापरावंच लागतं. चार घरं हिरवी झाल्यावर तिथे सुटका नाही, म्हणून सावधगिरी एक पायरी आधी घ्यायची. ऑडिओनंतर नुसता आय पिवळा असताना लाइटवर उडी न मारता फर्स्ट टाका: एफ-आय-आर-एस-टी. आय दुसऱ्या आणि टी पाचव्या घरात बसतात, शिवाय एफ, आर, एस तीन तपासून होतात. ही तिन्ही करडी आणि आय, टी हिरवे आले तर पुढे लिमिट: एल-आय-एम-आय-टी. एल आणि एमचा निकाल लागतो आणि जी-एच अजून न टाकल्याने तुम्ही कोंडीत सापडत नाही. मग नेहमीच्या शब्दांपैकी एट, नाइट, टाइट एवढेच राहतात, प्रयत्न तीन. त्यातही नाइट आधी टाका, टाइट मागे ठेवा. अक्षर दोनदा येणारा शब्द उत्तर म्हणून तुलनेने कमी दिसतो.

अक्षरजुळणी
स्वतः यादी काढायची असेल तर एक्सेलच्या एका रकान्यात शब्दसूची टाका, फिल्टर लावा आणि 'बरोबर' या अटीत प्रश्नचिन्ह व त्याला चिकटून आय-जी-एच-टी लिहा. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर, तारका म्हणजे कितीही. अट 'समाविष्ट' अशी निवडली तर उंची आणि वजन या अर्थांचे सहा अक्षरी शब्दही यादीत घुसतात. प्रश्नचिन्हं दोन केलीत की सहा अक्षरी गट मिळेल: ब्राइट, फ्लाइट, फ्राइट, स्लाइट, प्लाइट म्हणजे दुर्दशा, ब्लाइट म्हणजे पिकावरचा करपा. तिथेही सापळा हाच आहे, फक्त पहिली दोन अक्षरं मोकळी.