घोट्यातलं धातूचं इम्प्लांट

दादा, परभणीत तुमच्या भावाच्या घोट्यात धातूचं इम्प्लांट बसवायला सांगितलंय, करावं का, असं विचारलंत. आधी दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रं पाडायचा उपाय झालाय का? घोट्यातल्या हाडावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, खराब होऊन खड्डा पडला की हे इम्प्लांट बसवतात, तेही सहसा तो उपाय फसल्यावरच. १५ मिमीची कोबाल्ट-क्रोमची टोपी टायटॅनियमच्या स्क्रूवर बसते. ती कूर्चेपेक्षा साधारण अर्धा मिमी आत हवी. वर राहिली तर समोरची कूर्चा घासते, म्हणून सर्जनचा हात फार महत्त्वाचा. तिथे पोचायला आतल्या बाजूचं घोट्याचं हाड कापून पुन्हा जोडावं लागतं. ॲमस्टरडॅमच्या २०१३च्या अभ्यासात २० जणांचं दुखणं बरंच कमी झालं, पण पाहणी २ ते ५ वर्षांचीच. इतरत्र काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ज्वारी काढायला दिवसभर उकिडवं बसणारा माणूस आहे तो. पाऊल तेवढं वाकेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.