गंधकापेक्षा पाण्याची खोली आणि तापमान बघा

झिजलेल्या गुडघ्यांसाठी गंधकाच्या गरम झऱ्यात स्नान करण्याच्या चर्चेत कोणी म्हटलं, की गंधक सांध्यात मुरून झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) भरून येते. ते पटलं नाही. कूर्चा भरून येत नाही. कमी होतो तो ठणका आणि ताठरपणा, आणि त्यात मोठा वाटा उबेचा व पाण्याच्या आधाराचा असतो. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर साधारण निम्मा भार उरतो, छातीपर्यंत उतरलं तर एक-तृतीयांशाच्या आसपास. काठावर बसून नुसते पाय सोडले तर शेक मिळतो, पण भार हलका होऊन गुडघा मोकळेपणी हलवता येणं राहूनच जातं.

मात्रेबद्दल मात्र त्या चर्चेत कोणीच लिहिलेलं नाही. नेहमीचा क्रम म्हणजे ३६ ते ३८ अंश सेल्सिअसचं पाणी, एका वेळी १५-२० मिनिटं, जवळपास रोज, दोन ते तीन आठवडे. सहलीतल्या दोन डुबक्या यात धरू नका. फ्रान्समधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार १८ दिवसांचे होते, घरचे व्यायाम स्नान करणाऱ्या आणि न करणाऱ्या दोन्ही गटांना दिले होते, आणि सहा महिन्यांनीही स्नानाचा गट पुढे होता. (अर्थात कोणाला गरम पाणी मिळतंय हे लपवणार कसं! म्हणजे थोडा वाटा मनाच्या समजुतीचाही असू शकतो.)

पाणी ४० अंशांच्या वर गेलं की रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि बाहेर पडताना भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. कठडा धरून सावकाश वर या. गुडघा सुजून तापलेला असेल तर पाण्यात उतरूच नका. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी पाय घालून नव्हे, थर्मामीटरने पाणी तपासावं.