पूल दुरुस्तीसाठी बंद असताना खेड्यांच्या एसटी फेऱ्या कशा टिकवाव्यात?

कापूसपट्टा (वर्धा जिल्हा)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातील बऱ्याच खेड्यांना जिल्ह्याच्या शहराशी जोडणारा नदीवरचा जुना पूल सध्या दुरुस्तीसाठी जड वाहनांना बंद आहे. पुलाच्या दोन्ही तोंडांशी लोखंडी कमानी उभारल्या आहेत. त्यांखालून दुचाकी, ऑटो आणि मोटारी जातात, एसटी मात्र जाऊ शकत नाही. त्यामुळे काही फेऱ्या रद्द झाल्या असून उरलेल्या गाड्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या पुलावरून फिरून जातात. भाडे तीन टप्प्यांनी वाढले आहे आणि सकाळची गाडी शहरात पोचते तेव्हा महाविद्यालयातला पहिला तास संपलेला असतो.

पूल दुरुस्त व्हायलाच हवा, याबद्दल गावात दुमत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे कोणी विसरलेले नाही. माझी तक्रार बंदी ज्या तऱ्हेने आखली आहे तिच्याबद्दल आहे. महिलांचे अर्धे तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास, विद्यार्थिनींचा पास या साऱ्या सवलती एसटीतच चालतात. पूल पायी ओलांडून पलीकडे ऑटो करावा लागला की त्या तिथेच संपतात, म्हणजे दुरुस्तीचा सर्वांत मोठा भार ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यांच्यावरच पडतो.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मोटारींना मुभा असताना बसला बंदी कशासाठी असते? काम चालू असताना पुलाच्या दोन्ही बाजूंनी बस चालवता येतात का? आणि हे मागायचे तर कोणाकडे, कोणत्या शब्दांत मागावे?

निवृत्त शाखा अभियंता, यवतमाळ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वजनात आहे. साध्या मोटारीचे वजन दीड टनाच्या आसपास असते, तर दोन आसांच्या जड वाहनाला कायद्याने मान्य असलेले एकूण वजन २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढवण्यात आले. जुने पूल ज्या काळी बांधले गेले, त्या काळची वाहने याहून पुष्कळ हलकी होती. शिवाय दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर चढवला गेल्यामुळे पुलाच्या अंगावरचे मूळचे ओझेही वाढलेले असते. कमानीची अडचण अशी आहे की ती उंची मोजते, वजन मोजत नाही. वाळूने भरलेला ट्रक आणि निम्मी रिकामी बस तिच्यापाशी सारखीच अडते.

मात्र दुरुस्तीच्या प्रत्येक कामाला सारखी बंदी लागत नाही, आणि आपण नेमके इथेच लक्ष द्यावे. पाणी निघून जाण्याच्या तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करणे, दगडी बांधकामात शिरलेल्या पिंपळाच्या मुळ्या काढणे, कठडे बांधणे, पुराने खांबांच्या पायथ्याशी खरवडलेली जागा दगड व काँक्रीटने भरणे ही कामे वाहतूक चालू ठेवूनही बहुतेक वेळा होतात. स्लॅबमधील सांधे बदलताना अर्धी रुंदी बंद ठेवून अर्धी चालू ठेवता येते. बेअरिंग, म्हणजे खांबावर पुलाचा वरचा भाग ज्यावर टेकतो ती बैठक, बदलायचे असेल तर गोष्ट वेगळी असते. त्या वेळी जॅक लावून अख्खा गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) काही मिलिमीटर उचलावा लागतो, आणि तो जॅकवर असेपर्यंत पुलावर सायकलसुद्धा नसावी. नव्या काँक्रीटला सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश बळ येते, पूर्ण बळ अठ्ठावीस दिवसांनी धरतात. त्या अवधीत शेजारून जड वाहन गेले की हादरे बसतात, म्हणून तेव्हाची बंदी रास्तच आहे.

एक सावधगिरी सांगतो. बंदीचे कारण दुरुस्तीचे काम नसून पुलाचीच भार पेलण्याची क्षमता घटली आहे असे तपासणी अहवालात म्हटले असेल, तर काम पूर्ण होईपर्यंत बससाठी हट्ट धरू नये. कारण यापैकी कोणते आहे, ते अहवाल पाहूनच कळेल.

हंगामाचाही विचार करावा. नदीपात्रातील कामाला पावसाळ्यानंतरचे महिनेच मिळतात आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे सोयाबीन, कापूस आणि तूर बाजार समितीकडे निघतात, पाठोपाठ दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. परीक्षा आटोपल्यावर पुलावरचे काम काढले तर लोकांचे हाल कमी होतात, परंतु विदर्भातल्या उन्हाळ्यात ओतताना काँक्रीटचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊ नये म्हणून ते रात्रीच ओतावे लागते आणि पुढे पाणी मारण्यात कसूर चालत नाही. रात्री काम आणि दिवसा बस अशी सांगड काही टप्प्यांत तरी बसते. ती बसवून घ्यायची तर कामाचे वेळापत्रक आगाराच्या हाती आधी पडले पाहिजे.

माजी वाहतूक नियंत्रक, अमरावती

दोन्ही बाजूंनी बस चालवता येतात. मात्र "इकडे एक गाडी ठेवा, तिकडे एक ठेवा" इतकी ही मागणी सोपी नाही. अडचणी समजून घेऊन मागितले तर नकार देणे कठीण जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

आगार शहरात असते. डिझेल, धुलाई, टायर, ब्रेकची तपासणी सगळे तिथेच होते. पूल बंद झाला की खेड्यांकडील गाडी आगारापासून तुटते. यावर उपाय म्हणजे मुक्कामी गाडी. खेड्यांच्या बाजूला एक-दोन गाड्या मुक्कामी ठेवायच्या, त्यांनी दिवसभर गाव ते पूल अशा फेऱ्या मारायच्या आणि रोज त्यांतील एक गाडी लांबच्या मार्गाने प्रवासी घेऊनच आगारात जायची, तिच्या बदली दुसरी यायची. अशा फेऱ्यांत गाडी रिकामी धावत नाही आणि लांबच्या मार्गावरच्या गावांचीही सोय होते. चालक-वाहकांच्या मुक्कामासाठी पंखा, पाणी आणि शौचालय असलेली खोली ग्रामपंचायतीने द्यावी. कागदावर मंजूर झालेली मुक्कामी गाडी अशा खोलीअभावी बंद पडल्याची उदाहरणे मी नोकरीत पाहिली आहेत.

दुसरी अडचण गाडी वळवण्याची. पुलाच्या तोंडाशी प्रवासी, ऑटो आणि बांधकामाची खडी यांची गर्दी असते, आणि अशा ठिकाणी मोठी बस मागे घेणे धोक्याचे असते. पुलाच्या अलीकडे सपाट, मुरूम टाकलेली जागा गावाने आधीच दाखवून द्यावी. काळ्या मातीचे वावर दाखवू नये, पहिल्याच पावसात गाडी रुतेल.

तिसरी गोष्ट तिकिटाची. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. एकच प्रवास दोन गाड्यांत तुटला की दोन्हीकडे टप्पा पुढचा पूर्ण धरला जातो आणि प्रवाशाला जास्त पैसे पडू शकतात. त्यामुळे दोन्ही गाड्यांना मिळून एकच तिकीट चालावे आणि पासावर जुनाच मार्ग कायम राहावा, या दोन मागण्या निवेदनात स्वतंत्रपणे लिहाव्यात. पलीकडच्या बाजूला शहर बस पुरेल असे कोणी सुचवले तर सावध राहावे, कारण एसटीच्या सवलती तिथे आपोआप लागू होत नाहीत.

निवेदन आगार व्यवस्थापकांना द्यावे आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. "बस सुरू करा" एवढेच लिहू नये. कोणत्या गावातून किती वाजता किती विद्यार्थी निघतात, बाजाराचा वार कोणता, परतीची शेवटची गाडी किती वाजता हवी, हे गाववार लिहावे. वेळापत्रक बसवणाऱ्याला याच माहितीचा उपयोग होतो.

शिक्षक, अकोट तालुका

आमच्याकडचा अनुभव सांगतो. अकोला–अकोट मार्गावर गांधीग्राम येथे पूर्णा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल तडा गेल्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहतुकीसाठी बंद करावा लागला. पुढच्याच महिन्यात अकोला–अकोट रेल्वे सुरू झाली आणि मोठा आधार मिळाला. तरीही रेल्वेच्या मोजक्या फेऱ्यांचा लाभ स्थानकाजवळच्या लोकांनाच झाला. मधल्या खेड्यांतील मुलांना रस्त्यावाचून गत्यंतर नव्हते.

यातून दोन गोष्टी आमच्या लक्षात आल्या. पर्यायी मार्ग म्हणून ज्या ग्रामीण रस्त्यांवर वाहतूक वळवली जाते, त्यांपैकी बरेच जेमतेम पावणेचार मीटर रुंद असतात. समोरासमोर बस आणि ट्रक आले की एकाला साइडपट्टीवर उतरावे लागते आणि काळ्या मातीची साइडपट्टी ओली असेल तर चाक तिथेच फसते. म्हणून वाहतूक वळवण्यापूर्वी साइडपट्ट्यांवर मुरूम टाकून घ्यावा आणि ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेण्याची जागा करून घ्यावी. दुसरे असे की नदीपात्रात सिमेंटचे पाइप टाकून केलेला कच्चा रपटा उन्हाळ्यापुरताच खरा. त्याच्या भरवशावर पावसाळ्याचे वेळापत्रक आखू नये.

आरोग्यसेविका, चंद्रपूर जिल्हा

माझा मुद्दा छोटा आहे. लोकांनी पूल पायी ओलांडायचा ठरला तर चालण्याची पट्टी कामापासून आणि दुचाकींपासून कठड्याने वेगळी केलेली असावी आणि संध्याकाळी दिवे असावेत. बाळंतीण, डायलिसिसचे रुग्ण आणि काठी घेऊन चालणारी माणसे यांच्यासाठी एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत ई-रिक्षा ठेवता येईल. १०८ ची रुग्णवाहिका कमानीखालून जाते की नाही, हे प्रत्यक्ष गाडी नेऊन आजच पाहून घ्या. तपासायचे राहिले तर ते कळते तेव्हा गाडीत रुग्ण असतो.

ग्रामपंचायत सदस्य, बुलडाणा जिल्हा

कायद्याची बाजू मांडतो. अशी बंदी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली घातली जाते. त्या कलमानुसार बंदी एक महिन्याहून अधिक काळ राहणार असेल तर ती राजपत्रात अधिसूचित करावी लागते. त्याहून कमी काळाच्या बंदीला राजपत्र लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. आपल्या पुलावरची बंदी कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, याची प्रत प्रथम मागा. सोबत पुलाचा तपासणी अहवाल आणि कामाचे टप्पानिहाय वेळापत्रक मागा. तोंडी विचारून मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे अर्ज आणि निवेदन एकाच दिवशी द्या, एकासाठी दुसरे थांबवू नका. ग्रामसभेचा ठराव जोडला तर मागणी एकट्यादुकट्याची राहत नाही, आणि पुलाआड अडकलेल्या सर्व गावांनी एकाच मजकुराचा ठराव केला तर फारच चांगले.

कापूसपट्टा (वर्धा जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. कामाचे टप्पे मागावेत हे आम्हाला सुचलेच नव्हते. गाववार विद्यार्थ्यांची यादी शाळांकडून आणि महाविद्यालयाकडून घेत आहोत, पुलाअलीकडे मुरमाची एक सरकारी पडीक जागाही आहे. एक शंका उरते. निवेदनावर निर्णय होईपर्यंत ज्या मुलांचे मासिक पास जुन्या मार्गाचे आहेत, त्यांना लांबच्या मार्गाच्या गाडीत वाहक वाढीव टप्प्यांचे पैसे मागतात. याबाबत काय करावे?

माजी वाहतूक नियंत्रक, अमरावती

मार्ग प्रवाशाने बदललेला नाही, त्यामुळे चढण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण तेच असेल तर जुना पास चालावा, अशी लेखी सूचना आगार व्यवस्थापकांकडून घ्या. वाहकाशी गाडीत वाद घालू नका. त्याच्या हातातील यंत्रात जो मार्ग भरलेला आहे त्याप्रमाणेच त्याला हिशेब द्यावा लागतो. सूचना निघेपर्यंत वाढीव पैशांची तिकिटे मुलांना जपून ठेवायला सांगा आणि त्यांच्या झेरॉक्स निवेदनाला जोडा. त्यावर तारीख, मार्ग आणि टप्पे छापलेले असतात.