मदत हवी आहे: पाण्याच्या तळातून वीट काढायची टेस्ट (अर्जंट)

कृष्णाकाठचा (धागाकर्ता) | १८ एप्रिल, रात्री ११:५२
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, झोप उडालीय. ट्रेनिंगमध्ये १० पौंडांची वीट तळातून काढून १ मिनिट ४० सेकंदांत परत यायचं असतं, हे आज मेलवरून कळलं. मला विहिरीत पोहता येतं, चांगलंच येतं. पण डोकं पाण्यात घालून एका बाजूला तोंड काढत श्वास घ्यायची जी भानगड आहे ती आयुष्यात कधी केलेली नाही. नापास झालं तर घरी पाठवतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबच्या लिंक नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

बंड्या_नाशिक
कसलं ट्रेनिंग? नेव्ही का?

मनकवडी
वीट पाण्यात टाकली कुणी आणि का?

अण्णा६३
पोहणे हा सर्वांगसुंदर व्यायाम आहे. आमच्या वेळी पंचगंगेत रोज पहाटे जायचो. आजकालच्या मुलांना क्लोरीनच्या पाण्याची सवय. असो.

कृष्णाकाठचा
सॉरी, घाईत राहिलं. अमेरिकेत समर कॅम्पला कौन्सेलर (मुलांना सांभाळणारा) म्हणून सिलेक्शन झालंय. १० जूनला रिपोर्टिंग, आठवडाभर स्टाफ ट्रेनिंग, मग मुलं येतात. त्या आठवड्यातच लाइफगार्डचं सर्टिफिकेट करून घेणार म्हणतात. प्रश्न एवढाच, नापास झालो तर काय?

बोस्टनकर
एवढाच प्रश्न कसा असेल? कुठल्या राज्यात कॅम्प आहे? पाणी कसलं, तलाव की तरणतलाव? तुम्हाला पोहण्यासाठीच घेतलंय की सर्वसाधारण कौन्सेलर म्हणून? आणि निवड होताना पोहण्याबद्दल काय लिहून दिलं होतंत?
मी इथे वीस वर्षं आहे, दोन्ही मुलं दर उन्हाळ्यात कॅम्पला जातात. त्यामुळे मला दुसऱ्या बाजूनेही बघावं लागतं. ३०० यार्ड न थांबता पोहता आलं पाहिजे, वीट नंतरची गोष्ट.

तळ्यातमळ्यात
३०० यार्ड ही जुनी अट झाली, बोस्टनकर. अमेरिकन रेड क्रॉसची आताची चाचणी अशी आहे: उडी मारून पूर्ण पाण्याखाली जायचं, वर येऊन १५० यार्ड पोहायचं, मग २ मिनिटं फक्त पाय मारत उभं तरंगायचं, आणि लगेच ५० यार्ड. मध्ये काठ धरायचा नाही. क्रॉल किंवा ब्रेस्टस्ट्रोक, दोन्ही मिसळून चालतं. पाठीवर चालत नाही.
मी २०१८ आणि २०१९, दोन उन्हाळे न्यू हॅम्पशायरमध्ये मुलींच्या कॅम्पवर होते. तेव्हा ३०० च होतं, म्हणून गोंधळ होतो.
वीट स्वतंत्र. २० यार्ड पोहत जायचं, ७ ते १० फुटांवर बुडी मारायची, वीट घेऊन वर यायचं, आणि पाठीवर पोहत परत. दोन्ही हात विटेवर, तोंड पाण्याच्या वर. शेवटी शिडी न वापरता काठावर चढायचं. या भागात गॉगल चालत नाही. वीट रबरी असते, साडेचार किलोची.

कृष्णाकाठचा
ताई, थँक्यू! पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं.
पेनसिल्व्हेनिया, मुलांचा कॅम्प, तलाव आहे. मी बीपीएड दुसऱ्या वर्षाला, खोखो राज्य स्तरापर्यंत खेळलोय. फॉर्ममध्ये खोखो, ॲथलेटिक्स लिहिलं होतं. स्विमिंगसमोर 'एक्सपर्ट' लिहिलं. एजंट म्हणाला, एक्सपर्ट लिही, पाण्याची माणसं लवकर उचलतात. आणि खोटं काही नाही हो. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून सहाव्या वर्षी आबांनी विहिरीत ढकललं होतं. पुरात आयर्विन पुलावरून उडी मारलीय. उभं पोहायला सांगितलं तर अर्धा तास उभा राहीन. फक्त क्रॉल येत नाही.

बोस्टनकर
मग 'एक्सपर्ट' हे खोटंच झालं. राग मानू नका. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्या तलावात असेल आणि काठावरच्या माणसाने एजंटच्या सांगण्यावरून एक्सपर्ट लिहिलेलं असेल, तर बाप म्हणून मला काय वाटेल? आजच्या आज कॅम्प डायरेक्टरला मेल टाका आणि खरं काय ते सांगा.

मीच_तो
काही मेलबिल टाकू नको भावा. हातातलं जाईल. तिथे गेल्यावर बघू. टेस्ट नापास झाली तर नापास, स्वयंपाकघरात लावतील.

तळ्यातमळ्यात
मीच_तो, चुकीची माहिती देऊ नका. कौन्सेलरच्या जे-१ (एक्स्चेंज प्रोग्रामच्या) व्हिसावर स्वयंपाकी, भांडी घासणं, साफसफाई, ऑफिसचं काम हे चालतच नाही. नियमातच आहे. त्या कामाला येणारी मुलं वेगळ्या जे-१ वर येतात, समर वर्क ट्रॅव्हलच्या. कौन्सेलर म्हणजे थेट मुलांबरोबर.
आणि नापास झालं म्हणून विमानात बसवत नाहीत. माझ्या बॅचला सात जणींपैकी दोघी विटेला अडकल्या. एक धनुर्विद्येला गेली, दुसरी नाटकाला. पण त्या दोघींनी आधी कळवलं होतं. अगदी पाण्यासाठीच निवडलेली मुलगी ऐन ट्रेनिंगमध्ये नापास झाली, तर कॅम्पचं पूर्ण वेळापत्रक कोलमडतं. मग मात्र बोलणी बसतात.

शाकाहारी_सखी
तिथे शाकाहारी असाल तर फार हाल होतात हं. ग्रिल्ड चीज, पास्ता आणि सॅलड, दोन महिने तेच. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घेऊन जा. पीनट बटरवर जगेन म्हणाल तर काही कॅम्पांवर शेंगदाण्यालाच बंदी असते, मुलांना ॲलर्जी असते म्हणून. शेंगदाण्याची चटणी अजिबात नेऊ नका!!

कृष्णाकाठचा
ताई मी मटण खातो. 🙏
विटेबद्दल बोला ना कुणीतरी.

पोहरा
मी कोच आहे, पुण्यात. विहिरीत शिकलेल्या मुलांचं नेहमीचं दुखणं सांगतो. दम असतो, भीती नसते, पण डोकं कायम वर. डोकं वर म्हणजे कंबर खाली, पाय खाली, आणि पन्नास मीटरमध्ये माणूस फुटतो. तू पाण्याशी भांडत पुढे जातोस. पहिले दहा दिवस हात मारूच नकोस. काठ धर, तोंड पाण्यात, नाकातोंडाने फुगे सोड, मान फिरव, श्वास घे. मान वर उचलायची नाही, फिरवायची. एक कान पाण्यातच राहिला पाहिजे.
क्रॉल नाहीच जमला तर ब्रेस्टस्ट्रोक कर, तुझ्या बेडूकपोहण्याला तो जवळचा आहे. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर, २५ मीटरच्या टँकमध्ये साडेपाच फेऱ्या. सात आठवड्यांत आरामात होईल. बुडीचं तुला सांगायला नको.
विटेत लोक नापास होतात ते खाली जाताना नाही, परत येताना. छातीवर वीट धरतात आणि बुडतात. पाठीवर फक्त पायांनी पोहायचा सराव कर. आधी रिकाम्या हाताने, मग वजन घेऊन. आपली साधी वीट तीनेक किलोची, कमी पडते आणि पाण्यात झिजते. ५ किलोचा रबरी डंबेल घे.
आणि एकट्याने करायचं नाही. काठावर पोहणारा माणूस पाहिजे.

अण्णा६३
+१. फुगे सोडणे म्हणजे एक प्रकारचा प्राणायामच.

एच१बी_वाला
हे कॅम्पबिंप करून काय मिळणार? चार महिन्यांच्या वर राहता येत नाही, मुदतवाढ नाही. त्यापेक्षा जीआरई दे, मास्टर्सला जा.

कृष्णाकाठचा
दादा, बीपीएडवाल्याने जीआरई देऊन काय करू?
पोहरा सर, उद्यापासून फुगे चालू.

कृष्णाकाठचा | २६ एप्रिल
अपडेट. नगरपालिकेच्या टँकवर डंबेल घेऊन गेलो तर गार्डने गेटवरच अडवलं. तळाची फरशी फुटली तर भरून देणार का म्हणाला. मग आबांना काठावर बसवून विहिरीत टाकला. पहिल्या बुडीला मिळाला. दुसऱ्या बुडीला सापडला नाही. गाळात गेला. जिममधून उसना आणला होता.
पण क्रॉल सुधारतोय. काल दोन फेऱ्या न थांबता.

बंड्या_नाशिक
😂😂 गार्डचं बरोबर आहे राव

बोस्टनकर
डायरेक्टरला मेल टाकलात का?

मीच_तो
हे काका मेलच्या मागेच लागलेत. अहो पोरगं मेहनत करतंय, जमेल त्याला. पास झाला की संपलं.

बोस्टनकर
पास होणं आणि मूल बुडताना दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बुडणारं मूल ओरडत नाही.

तळ्यातमळ्यात
इथे मी बोस्टनकरांच्या बाजूने. ट्रेनिंगमधला माझ्या डोक्यात बसलेला दिवस विटेचा नाही, 'हरवलेला पोहणारा' या ड्रिलचा आहे.
आमच्याकडे धक्क्यावर एक लाकडी फळा होता, त्याला खिळे, प्रत्येक मुलीच्या नावाचा गोल बिल्ला. पाण्यात जाताना जोडीने जायचं आणि दोघींचे बिल्ले शेजारी लावायचे. दर दहा मिनिटांनी शिट्टी. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मोजणी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्या दिवशी सगळ्या बाहेर आल्या तरी फळ्यावर एक बिल्ला शिल्लक. ड्रिल आहे हे आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही पंधरा जणी हातात हात अडकवून कमरेइतक्या पाण्यात एका रेषेत चालत गेलो, पायांनी तळ चाचपत. पाणी चहासारखं तपकिरी, स्वतःचे गुडघे दिसत नव्हते. दर पावलाला वाटायचं, आता पायाला लागेल. शेवटी ती मुलगी केबिनमधून टॉवेल गुंडाळून आली, तिला तिथेच बसवून ठेवलं होतं. आमच्यातली एक आयरिश पोरगी धक्क्यावर बसून रडली.
तू विहिरीचा आहेस, गढूळ पाण्याला घाबरणार नाहीस. डायरेक्टरला तेही लिही. जे येतं ते लिही, जे येत नाही तेही लिही. 'एक्सपर्ट' शब्दापेक्षा त्यांना ते जास्त उपयोगी.

मीच_तो
बरं, टाक बाबा मेल.

मनकवडी
अवांतर: मग राहिलेल्या ट्रेनिंगमध्ये काय असतं? माझी भाची विचारतेय.

तळ्यातमळ्यात
मुलांबरोबर कसं राहायचं ते. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, कायम तिसरं कुणी हवं. मिठी मारायची तर बाजूने. मुलाच्या अंगावर वळ दिसले किंवा घरचं काही वावगं बोललं तर ते पोटात ठेवायचं नाही, कळवायचं, कायद्याने बांधील असतो आपण. ॲलर्जीच्या मुलाला मांडीत इंजेक्शन कसं द्यायचं. रोज रात्री गोचिडी तपासायच्या, लाइमचा आजार पसरवतात.
आणि घरची आठवण येऊन रडणारं मूल. आपण म्हणू, बाळा आईला फोन लावू. तिथे तेच करायचं नसतं, फोनने रडणं वाढतं. हे मला पटायला आठवडा लागला. नऊ ते चौदा वयाच्या आठ मुलांमागे एक माणूस असं प्रमाण असतं, म्हणजे रात्री दोघी रडल्या की उरलेल्या सहा जाग्या.

पोहरा
कृष्णाकाठ, सगळं ठीक. पण व्हिसा झालाय ना? कुणीच विचारलं नाही.

कृष्णाकाठचा
नाही अजून. मुलाखत १४ मेला, मुंबई. ते होईलच ना?

बोस्टनकर
अहो हे आधी सांगायचं!

एच१बी_वाला
डीएस-२०१९ मिळालाय का? तो नसेल तर काही खरं नाही.

बंड्या_नाशिक
२०१९ चा जुना फॉर्म कसा चालेल?

एच१बी_वाला
फॉर्मचं नावच ते आहे, जे-१ साठी स्पॉन्सर संस्था देते तो. 🤦

कृष्णाकाठचा
डीएस-२०१९ मेलवर आलाय. व्हिसाच्या फीचे १८५ डॉलर भरलेत. अजून कसले ३५ डॉलर म्हणत होता एजंट.

तळ्यातमळ्यात
ते सेविसचे (तिकडच्या सरकारी नोंदणीची फी), आय-९०१ फॉर्मवर भरायचे. बाकीच्या बहुतेक जे-१ वाल्यांना २२० पडतात, कॅम्पवाल्यांना ३५. ते मुलाखतीआधी भर आणि पावती छापून ने. एजंटने आधीच भरलेत का ते विचार, दोनदा भरू नकोस. बोटांचे ठसे वेगळ्या दिवशी असतात, ती तारीख बघ. जून २०२५ पासून एफ, एम, जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले) तिन्ही व्हिसांना सोशल मीडिया सार्वजनिक ठेवायला सांगतात. इन्स्टा खाजगी असेल तर उघडं कर. मोबाइल आत नेता येत नाही.
मुलाखतीत मुख्य प्रश्न एकच, परत का येशील? नाकारलं तर २१४-बी ची चिठ्ठी देतात, म्हणजे परत येशील हे पटलं नाही. कॉलेजचं बोनाफाईड ने, परीक्षा कधी आहे ते तोंडावर असू दे. आणि पोहता येतं का विचारलं तर एक्सपर्ट म्हणू नकोस रे बाबा.

शाकाहारी_सखी
बीकेसीत कॉन्सुलेटजवळ खायला काय मिळतं कुणी सांगेल का? माझ्या नणंदेची पण मुलाखत आहे.

कृष्णाकाठचा | १६ मे
व्हिसा झाला!! महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो, तीन मिनिटांत बाहेर. बाईंनी विचारलं, मुलांना काय शिकवणार? खोखो म्हणालो. ते काय असतं म्हणाल्या. काउंटरसमोर हाताने खांब, पाटी, खो सगळं दाखवलं. मागची रांग बघत होती.
मेलही टाकला होता, २७ एप्रिललाच, इथे लिहायचं राहिलं. डायरेक्टरचं उत्तर परवा आलं. खेळांच्या विभागात टाकलंय. रेड क्रॉसची टेस्ट तरीही द्यायचीच, पास झालो तर आठवड्यातून दोन दिवस तलावावर. आणि खोखोला खांब किती उंचीचे लागतात ते विचारलंय. १२० सेंमी कळवलं.
क्रॉलच्या साडेपाच फेऱ्या झाल्या. पाचव्यात मान वर येते अजून.

पोहरा
पाचव्या फेरीला हात मोजू नकोस, श्वास मोज.

बोस्टनकर
अभिनंदन. पेनसिल्व्हेनियात कुठे?

बंड्या_नाशिक
डंबेल सापडला का?

कृष्णाकाठचा
नाही. पाणी अजून खाली गेलं की दिसेल म्हणतात आबा. जिमवाला तोवर थांबायला तयार नाही.