६ बाय १२ चा ॲल्युमिनियम कार्गो ट्रेलर घेतलाय, कॅम्पर करायचाय, सुरुवात कुठून करू?

ओहायोचा_बापू

मंडळी नमस्कार, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. कोलंबसला असतो. गेल्या महिन्यात एकाकडून सेकंडहँड कार्गो ट्रेलर उचलला, तो त्यातून मोटरसायकल न्यायचा. फ्रेमसकट सगळा ॲल्युमिनियमचा, एकच ॲक्सल, मागे रॅम्प, बाजूला छोटं दार, आत उभं राहिलं की डोक्यावर चार बोटं उरतात. रिकामं वजन कागदावर १०५० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट चालणारं जास्तीत जास्त वजन, २९९०. ओढायला होंडा पायलट गाडी आहे, एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद), म्हणजे ५००० पौंडांपर्यंत प्रश्न नाही.

आई-बाबा मे महिन्यात येतायत सहा महिन्यांसाठी. जूनमध्ये बॅडलँड्स, मग यलोस्टोन ही नॅशनल पार्क्स असं डोक्यात आहे. मोटेलचे रेट बघून डोळे पांढरे झाले म्हणून हा उद्योग. आई-बाबा आत झोपतील, आम्ही दोघं तंबूत.

प्लॅन असा की भिंती, छत आणि फर्निचर सगळं पाऊण इंची प्लायमध्ये, आईचे गुडघे दुखतात म्हणून आतच टॉयलेट-शॉवर, २० गॅलनची पाण्याची टाकी, छतावर एसी, आणि गॅसची भीती वाटते म्हणून इंडक्शन. बॅटरी एक १०० एएच (अँपिअर-अवर) लिथियमची बघून ठेवलीये. दोन इंच फोम लावणार, पण कुठला ते कळत नाही, प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात. सुतारकाम बऱ्यापैकी येतं, वायरिंग जेमतेम. काय चुकतंय ते बिनधास्त सांगा.

थंडगार_नाना

बापू अभिनंदन, पण प्लाय अजून आणला नसशील तर थांब जरा.

आधी वजनाचं बोलू. २९९० वजा १०५० म्हणजे १९४० पौंड हातात दिसतात आणि माणूस खूश होतो, मीपण झालो होतो. पाऊण इंची प्लायचा ४ बाय ८ चा एक ताव साधारण ७० पौंड, तुझ्या प्लॅनला दहा-बारा ताव सहज लागतील, म्हणजे तिथेच आठशे गेले. २० गॅलन पाणी १६७ पौंड. एसी शंभराच्या आसपास. मग फ्रीज, गाद्या, भांडी, आणि आईने आणलेली भाजणी. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, त्याला आतून आधार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बरगड्या हलक्या, म्हणजे लोकांनी पैसे मोजून वजन वाचवलं आणि आपण त्यात लाकडाची वखार भरायची, हे मला पटत नाही. भिंतींना पाव इंची बास आहे, पलंगाला अर्धा इंची.

तो २९९० आकडापण समजून घे. बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत म्हणून कंपन्या त्याच्या खाली आकडा ठेवतात. कॅलिफोर्नियात तर कॅम्पर ट्रेलरला १५०० पासूनच लागतात. तुझ्याला ब्रेक नसतील तर बसवून घे आणि गाडीत ते ब्रेक चालवणारा कंट्रोलर लाव, आईबाप मागच्या सीटवर बसलेले असताना उतारावर तीन हजार पौंड मागून ढकलतात तेव्हा कायद्यात काय लिहिलंय ते आठवत नाही. आणि हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो तिथे, येणारं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे. टाकी आणि टॉयलेट मागच्या टोकाला नेलंस तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो. जड सामान ॲक्सलच्या वर नाहीतर थोडं पुढे.

आता खरी गोष्ट सांगतो. मी डेट्रॉइटजवळ असतो, माझाही ॲल्युमिनियमचाच ट्रेलर आहे. पहिल्या वर्षी बरगड्यांच्या मध्ये मस्त गुलाबी फोम कापून कापून बसवला, एक फट ठेवली नाही, वरून प्लाय स्क्रूने थेट बरगड्यांवर आवळला. ऑक्टोबरअखेर मिशिगनच्या उत्तरेला अप्पर पेनिन्सुलात गेलो, बायको आणि मी. पहाटे साडेचारला कपाळावर टप्प. वर टॉर्च मारला तर छतावर सोळा-सोळा इंचांवर सरळ रेषेत ठिपके, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर साबुदाण्याएवढा बर्फाचा मणी आणि आमच्या हीटरने ते एकेक करून वितळतायत. मला वाटलं छत गळतंय. घरी येऊन सीलंटच्या तीन नळ्या छतावर फासल्या. पुढच्या ट्रिपला परत टप्प.

गळत काहीच नव्हतं, आमचाच श्वास होता तो. ॲल्युमिनियम पोलादाच्या तीन-चार पट उष्णता वाहून नेतं, म्हणजे बरगडी बाहेरच्याइतकीच थंड, तिला चिकटलेला स्क्रू तेवढाच थंड, आणि आतली दमट हवा तिथे येऊन पाणी होते. फोम दोन इंच लाव नाहीतर चार इंच, बरगडी उघडी राहिली की सगळं फुकट. त्यात आम्ही वापरत होतो तो चिमणी नसलेला प्रोपेनचा हीटर. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं, बारावीची केमिस्ट्री आठवून बघ. म्हणजे आम्ही रात्रभर आत किटली ठेवल्यासारखंच होतं.

नंतर सगळा प्लाय उचकटला, मागून काळा पडला होता. बरगड्यांच्या तोंडावर अर्धा इंची फोमच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्लाय त्यांच्यावरून घेतला, स्क्रू मोजकेच. फोम म्हणशील तर एक्सपीएस घे, तोच गुलाबी, इंचाला आर-५ मिळतं (आर म्हणजे उष्णता अडवायची क्षमता, जास्त तेवढी चांगली). पॉलिआयसो हा दुसरा फोम कागदावर सहा दाखवतो पण कडक थंडीत उतरतो. हीटर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा घेतला, छताला पंखा लावला आणि झोपताना तो किंचित उघडा ठेवतो. तेव्हापासून मणी नाहीत.

ह्यूस्टनचा_पांडू

नाना, अख्ख्या देशात मिशिगनचीच थंडी पडत नाही हो 😀 जूनमध्ये जाणार आहेत ते.

बापू, मी तुला उलटं सांगतो, आधी काहीच बांधू नकोस. दोन फोल्डिंग खाटा टाक, एक कूलर, एक बॅटरीचा दिवा, आणि ड्राइव्हवेत दोन रात्री झोप. मी कागदावर पलंग आडवा काढला होता, ६ फुटी रुंदीत मावतो म्हणून. फोम-प्लाय लागल्यावर आत पावणेसहापण उरत नाही आणि मी पाच फूट दहा, सहा महिने पाय पोटाशी घेऊन झोपलो, मग तोडून उभा केला.

इंडक्शन विसर. १२ व्होल्टवर १८०० वॅट म्हणजे १५० अँपिअर, मनगटाएवढ्या वायरी आणि मोठा इन्व्हर्टर लागणार, आणि १०० एएचच्या बॅटरीत एकूण १२८० वॉट-अवर असतात म्हणजे फुल्ल शेगडी पाऊण तासही चालणार नाही. कुकरच्या चार शिट्ट्यांत खेळ खलास. तेवढ्याच बॅटरीवर पंखा, दिवे, फोन आणि १२ व्होल्टचा छोटा फ्रीज दोन दिवस निघतो. फ्यूज बॅटरीला अगदी लागून लाव, वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही, हे जेमतेम वायरिंगवाल्यांसाठी मुद्दाम सांगतोय.

एसीचं पण तेच, त्या बॅटरीवर तो चालणार नाही, हुकअप (विजेचं कनेक्शन) असलेल्या साइटवर किंवा जनरेटरवरच. आम्हाला टेक्सासात त्याशिवाय गत्यंतर नाही म्हणून ५००० बीटीयूचा खिडकीचा एसी भिंतीत बसवलाय, एवढ्याशा डब्याला पुरून उरतो.

थंडगार_नाना

पांडूशेठ, जूनमध्ये यलोस्टोनला रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, दोन हजार मीटरच्या वर आहे ते. आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तेही सांगा की त्याला. खाटांचं मात्र एकदम मान्य.

स्वयंपाकीण_बाई

दोघांचं वाचलं, दाराबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

कार्गो ट्रेलर सामानासाठी असतो, त्यामुळे दाराला बाहेरून आडवा दांडा असतो, तो फिरवला की दार बंद, आतून काही करता येत नाही. आमच्या ह्यांनी एका रेस्ट एरियात सवयीने दांडा फिरवला आणि गेले बाथरूमला, तिथून कॉफी घ्यायला. मी आत, मागचा रॅम्प पण बाहेरून बंद, फोन गाडीत. वीस मिनिटं थापी घेतल्यासारखी भिंत बडवत होते, शेजारच्या ट्रकवाल्याने शेवटी उघडलं. ह्यांचं म्हणणं 'मला वाटलं तू मागेच होतीस.' आता हसू येतं, पण आत आग लागली असती तर? बापू, बाजूच्या दाराला आरव्हीचं (राहायच्या गाड्यांना असतं ते) आतून उघडणारं लॅच आधी लावा, दांडा काढूनच टाका. आणि एक खिडकी अशी घ्या की तुमचे बाबा त्यातून बाहेर पडू शकतील. स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच, त्यावर वाद नको.

शॉवर नका करू, ७२ चौरस फुटांत शॉवर म्हणजे कपड्यांचं कपाट होतं, आमचं झालं. आईंसाठी पोर्टेबल कमोड घ्या आणि बाजूला पडदा, रात्रीपुरतं. गुडघ्याचा प्रश्न आत नाही, पायरीचा आहे. जमिनीपासून दीड फुटाची चढण असते, रुंद दोन पायऱ्यांचा स्टूल आणि दाराशी धरायला दांडी लावा.

फोडणी बाहेर. हे मी नियमच केलाय. एकदा पावसात आत ठेचा परतला, तर पुढचे तीन दिवस उशीला मिरचीचा वास आणि सगळे खोकतायत. दोन बर्नरची शेगडी मागच्या रॅम्पजवळ टेबलावर, वर ताडपत्री. अस्वलांच्या भागात मात्र जेवण झालं की सगळं उचलून आत कुलपात, तेलाचा डबासुद्धा.

आणि हो, तंबूचं नीट बघा. यलोस्टोनला फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात ग्रिझली अस्वलांमुळे तंबू चालतच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. तिथे बुकिंग केलंत तर तुम्ही दोघं कुठे झोपणार?

भोसरीकर_फॅब्रिकेटर

मी इकडे भोसरीत, कॅम्पर बनवलेला नाही, पण ॲल्युमिनियमची कामं रोजची म्हणून दोन गोष्टी. इकडे असं काही करायचं म्हटलं की आरटीओची भानगड, गाडीच्या मूळ ढाच्यात बदल चालत नाही, त्यामुळे तुमचं वाचून जळतो नुसता.

एक, फ्रेमला काहीही वेल्ड करू नका. ६०६१-टी६ हा मिश्रधातू असेल, बहुतेक असतोच, तर वेल्डच्या आजूबाजूला त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. वेल्डर चांगला असला तरी उतरते, ते धातूचंच आहे. पलंग, कपाट, सगळं रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखा पक्का बसणारा नट) टाकून बोल्टने बसवा, उद्या काढता पण येतं.

दोन, लोखंडाचा स्क्रू ॲल्युमिनियमला थेट लागला आणि पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी पडते बघा. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे, मग विचारूच नका. स्टेनलेसचे वापरा आणि आटे बसवताना इन्सुलेटिंग पेस्ट लावा, पट्ट्यांच्या मध्ये ब्युटाइल टेप, ती चिकट रबरी असते, पाणी अडवते. आणि ते हिरवट, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड मिळतं ना, त्यात तांबं असतं, ते ॲल्युमिनियमला चिकटवलं तर भोकं पडेपर्यंत खातं. जमिनीला स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका.

ओहायोचा_बापू

सगळ्यांचे आभार, खरंच. नाना, मी तर औषधवालंच लाकूड कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं, भोसरीकरांमुळे वाचलो.

अपडेट देतो. ट्रकस्टॉपच्या काट्यावर नेऊन वजन केलं, गाडीपासून सोडवून ट्रेलर एकटाच काट्यावर ठेवून, कागदावर १०५० आणि काट्यावर ११८०. आधीच्या मालकाने जमिनीवर रबरची जाड मॅट आणि लोखंडी कड्या लावल्यात, त्यांचंच ते. मॅट काढली. टायरवरचा चार आकडी कोड पण बघितला, सात वर्षांचे निघाले, नक्षी नव्यासारखी पण बदलणार.

पांडूचं ऐकून खाटा टाकून ड्राइव्हवेत झोपलो. पहिल्या रात्री पाऊस आला, पत्र्यावर असा वाजला की लहानपणी कोकणात मामाकडे पडवीत झोपायचो ते आठवलं, झोप मात्र शून्य. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी पुढच्या भिंतीवर बोट फिरवलं तर ओलं. काहीही न बांधता, फक्त दोन माणसं! नाना, दंडवत. तिसऱ्या दिवशी सोसायटीवाल्यांचं पत्र, ट्रेलर ४८ तासांपेक्षा जास्त ड्राइव्हवेत चालणार नाही, त्यामुळे आता मित्राच्या गॅरेजमागे ठेवलाय आणि काम फक्त शनिवारी.

शॉवर रद्द, टाकी ७ गॅलनच्या कॅनवर आली, इंडक्शन रद्द, एसीचं अजून ठरत नाही. बाईंनी सांगितलेलं लॅच लावलं. तंबू पण रद्द, आई-बाबांना खालचा पलंग आणि आम्हाला रॅम्पच्या बाजूला रात्री उघडायची बाकं, चौघं आत, बघू कोण कोणाला घोरून उठवतं.

आज पंख्यासाठी छताला १४ बाय १४ इंचाचं भोक पाडायचं होतं. टेप लावली, रेघा मारल्या, आतून बरगड्यांच्या मध्ये येतंय ना ते तीनदा मोजलं, आणि मग जिगसॉ हातात घेऊन शिडीवर अर्धा तास नुसता बसलो. चांगल्या छताला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं म्हणजे काय ते कळलं. शेवटी पाडलं. कापलेला पत्र्याचा चौकोन बायकोने तुळशीच्या कुंडीखाली सरकवला.

आता एक प्रश्न, पंख्याच्या झाकणाची बिजागरी पुढे येते की मागे?

थंडगार_नाना

पुढे, गाडीच्या बाजूला. म्हणजे झाकण मागच्या बाजूला उघडतं, चुकून उघडं राहिलं तरी वारा ते दाबतो. उलटं बसवलंस तर हायवेवर पहिल्याच दिवशी आरशात उडताना दिसेल. आणि कडेला ब्युटाइल टेप आधी, स्क्रू मग, त्यावरून सीलंट. स्क्रूच्या डोक्यांवर पण लाव, कंजूसपणा करू नको, माझ्याकडे अजून एक नळी उरलीये.