नोकऱ्या शाबूत, हात कमी

"रुग्णालयांचा निधी कमी झाला तरी एकाही परिचारिकेला घरी पाठवलेलं नाही, मग ओरड कशाची?" हा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण कपात अशी पुढच्या दाराने येतच नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही, बाळंतपणाच्या रजेवर बदली माणूस द्यायचा नाही, कंत्राटी वॉर्डबॉयची मुदत वाढवायची नाही. खाटा तेवढ्याच, हात मात्र कमी. मग सिस्टरच स्ट्रेचर ढकलते, नमुने लॅबला पोचवते आणि औषध संपलं म्हणून नातेवाइकांच्या शिव्याही तीच खाते. (अंदाजपत्रक करणारा रात्रपाळीला नसतो ना!)

या वादात कुणी न काढलेली गोष्ट म्हणजे परिचारिकांच्या कामावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या लिंडा एकन यांच्या गटाचा २००२ सालचा अभ्यास. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त, आणि परिचारिका कामाने पार पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, मान्य. पण पिचलेली माणसं सोडून जातात आणि उरलेल्यांच्या वाट्याला आणखी एक रुग्ण येतो, हे तर कुठल्याही वॉर्डात दिसतं. शेवटी तीच जागा एजन्सीकडून चढ्या दराने भरली जाते, आणि त्या नव्या माणसाला इमर्जन्सी ट्रॉली कुठे ठेवलीय ते दाखवायला जुनी सिस्टरच लागते.